पार्सलबाबूंचा रंगाचा कारखाना

वर्ध्याहून त्या प्रदर्शनवाल्या पोरींचा फोन आला. "आजी, बाबूंच्या आठवणी गोळा करून राह्यलो आम्ही. तुम्ही त्यांच्या शेजारच्या. दोन चांगले शब्द लिहून द्या ना." मी म्हटलं, देते की. मला लिहायला कोणी शिकवलं नाही. बोलते तसं लिहिते, आणि माझं बोलणं एकदा सुरू झालं की आवरत नाही, हे साऱ्या सिंदीला ठाऊक आहे. आता त्यातून चांगले शब्द दोन निघतात की एकही निघत नाही, ते पोरींनीच पाहावं.

मनोहरराव त्यांचं नाव. सिंदीच्या स्टेशनावर पार्सलच्या खिडकीत त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून लोक पार्सलबाबू म्हणत. रिटायर झाल्यावर त्यांनी घरी कापडं रंगवायचा उद्योग काढला, पण रंगारी मी त्यांना कधी म्हटलं नाही. रंगाऱ्याला काहीतरी येत असतं.

कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी त्यांचा हात कापडावर. उशीची खोळ, पडद्याची कड, शेजारी बसलेल्या माणसाच्या सदऱ्याची बाही, जे सापडेल ते चिमटीत धरायचं, चोळायचं, आणि नाक वर करून सांगायचं, "मिलचं." बस, एवढंच. डॉक्टर रोग सांगतो तसं. माझी सून नवी नवी घरात आली, तेव्हा चहा द्यायला वाकली तर तिच्या पदरालाही त्यांनी असाच हात घातला. पोरगी दचकून मागं सरली. मी म्हटलं, "भाऊजी, पदर सोडा. सून हाय ते, सॅम्पल नाई." हसतील असं वाटलं होतं. कुठले हसतात. म्हणाले, "मिलचं आहे, वहिनी. आणि त्यात सुताचा अंशसुद्धा नाही."

नोकरी होती तोवर हा माणूस बरा होता, कारण दिवसभर घरी नव्हता. रिटायर झाल्यावर एकदा वर्ध्याला ते प्रदर्शन पाहायला गेले. झाडपाल्याच्या रंगांचं. तिथं तुम्हीच पोरींनी त्यांना एक पुडी दिली आणि म्हटलं, बाबा, घरी करून पाहा, लय सोपं आहे. सोपं आहे! ज्याला आयुष्यात स्वतःचा रुमाल पिळायचं काम पडलं नाही, त्याला तुम्ही सांगता सोपं आहे.

त्यांच्या आणि आमच्या आंगणात छातीएवढी भिंत. मी अलीकडे तांदूळ निवडत बसायची आणि पलीकडे बाबूंचा कारखाना चालायचा. बाबूंची रंगवायची रीत अशी. जेवण झालं की आंगणात खुर्ची टाकून बसायचं. त्यांच्या बायकोनं, सुमननं, चूल पेटवायची, नळावरून पाणी ओढायचं, मोठा गंज चुलीवर चढवायचा. पाणी उकळलं की तिनं हाक द्यायची, "आयकता का, पानी आलं." मग बाबू उठणार, पुडीतली पूड चिमटीनं पाण्यात सोडणार, लग्नात अक्षता टाकाव्या तशी, आणि परत खुर्चीवर. तिथून पुढं ढवळणं, उपसणं, पिळणं, गार पाण्यातून काढणं, दोरीवर टाकणं सारं सुमनचं. संध्याकाळी कोणी आलं की बाबू दोरीकडं बोट करून म्हणत, "आज मी हिरवा काढला." बोट पांढरंशुभ्र. सुमनचे हात मात्र कोपरापर्यंत हिरवे. एकदा तर पिवळे हात घेऊनच बिचारी एका लग्नाला गेली. पंगतीत एक बाई तिला हळूच विचारते, "काऊन वो बाई, कावीळ झाली का?"

तुम्ही म्हणाल, शौक असतो माणसाला. शौकाला माझी ना नाही. मी स्वतः गोधड्या शिवते. जुन्या लुगड्याचा एक चौकोन दुसऱ्या चौकोनाला जोडला, आता याला कोणता शोभेल म्हणून गाठोडं उपसत बसलं, की दुपार कुठं गेली ते कळत नाही. बोटाला सुई टोचते, मान आखडते, तरी हात सुटत नाही. पण बाप्पा, शौक करायचा तर हात बुडवावा लागतो. खुर्चीवर बसून शौक होत नाही, हुकूम होतो.

त्यांच्या बिघडलेल्या कापडांचे तुकडे सुमन मला गोधडीसाठी आणून देई. एकदा मी भोळेपणी त्यांचा हिरवा तुकडा एका दुपट्यात लावला. पहिल्या धुण्यात त्या हिरव्यानं आजूबाजूचे सारे पांढरे चौकोन खाऊन टाकले. दुपटं दलदलीतून काढल्यासारखं दिसायला लागलं. बाबूंना दाखवलं. चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाले, "दोष कापडाचा आहे, वहिनी. मिलचं आहे. मिलचं कापड रंग धरत नाही."

हे त्यांचं ठरलेलं होतं. दोष कापडाचा. त्यांचा कधीच नाही.

फागुनात त्यांना पळसाची हुक्की आली. हिंगणीकडं, बोर धरणाच्या बाजूनं, तेव्हा जंगल असं पेटलेलं असतं की पाहत राहावं. फुलं उकळून होळीचा रंग करणं आमच्याकडं लेकरालाही येतं. बाबू गेले आणि फुलांचं पोतंच्या पोतं घेऊन आले. पण पार्सलबाबू ना ते! ताजी, ओली फुलं प्लास्टिकच्या पोत्यात ठासून भरली, तोंड सुतळीनं शिवलं, वर चिठ्ठी चिकटवली, 'नाजूक माल'. घरी आल्यावर पोतं लगेच उघडायचं नाही, कारण त्या दिवशी अमावास्या. दुसऱ्या दिवशी उन्हाळी लागली म्हणून नाही. पोतं उघडलं तेव्हा आमच्या आंगणापर्यंत असा वास आला की मी निवडलेले तांदूळ घेऊन घरात पळाली. आत काळा चिखल. सुमन नाकाला पदर लावून म्हणाली, "आता हे कुठी टाकू?" बाबू म्हणाले, "टाकू नको. यातून करडा निघेल."

बांधायला तेवढं येत होतं त्यांना. पॅकिंग पक्कं, याबद्दल माझी तक्रार नाही.

आता सुमनबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजायचं नाही. तिचं माहेर तळेगाव, श्यामजी पंतांचं म्हणतात ते गाव. तिची माय वावरातलं काम आटोपून चरख्यावर बसायची. घरचाच कापूस, घरचंच सूत. असं साठवत साठवत तिनं लेकीसाठी एक लुगडं विणून घेतलं. पांढरं. म्हणजे चुन्यासारखं पांढरं नाही, थोडं सायीकडं झुकलेलं. मायनं त्याला कधी नीळसुद्धा लावू दिली नाही. म्हणायची, कापूस बोंडातून निघाला तसाच राहू दे. पुढं माय गेली, वावर भावांच्या वाटणीत गेलं, तिथून विकल्या गेलं. सुमनजवळ माहेरचं म्हणून एवढंच राहिलं. ती ते नेसत नसे. दिवाळीच्या आधी पेटीतून काढायची, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुवायची, सावलीत वाळवायची, वाळता वाळता त्यावरून एकदा हात फिरवायची, आणि पुन्हा पेटीत.

अशाच एका दिवाळीत बाबूंची नजर त्या लुगड्यावर पडली. संसार झाला, लेकरं झाली, तोवर कधी दिसलं नाही. आता दिसलं. चिमटीत धरलं, चोळलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "मिलचं" निघालं नाही.

"हे रंगवू," ते म्हणाले.

"हे नाई," सुमन म्हणाली.

"काऊन नाई?"

"मायचं हाय."

"मग मायचं नाव होईल. अगं, पांढरा कपडा म्हणजे पत्ता नसलेलं पार्सल. पडून राहते. त्याले पत्ता देऊ आपण."

"पत्ता हाय त्याले," सुमन म्हणाली. "तळेगाव."

मी भिंतीच्या अलीकडं होते, मला हसू आवरेना. बाबूंनी ऐकलं आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, तुम्ही तरी समजवा हिले. एवढं चांगलं सूत बिनरंगाचं ठेवून राह्यली."

"बिनरंगाचं कोन म्हणते?" सुमननं लुगडं दोरीवरून ओढून छातीशी धरलं. "कापसाचा रंग हाय त्याले."

हे बोलणारी सुमन कशी बाई होती ते सांगते, म्हणजे तुम्हाला त्याची किंमत कळेल. या बाईनं स्वयंपाकाचा गंज रंगाला दिला, वरणाचं पातेलं दिलं. घरातल्या चादरी, उशा, स्वतःच्या अंगावरचे पोलके दिले. नवऱ्यानं मागितलं ते कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं ते या एका लुगड्याला. सुमनच्या हातात उभ्या जन्मात एवढं एकच 'नाही' होतं, आणि बाबूंना नेमकं तेच पाहिजे होतं.

मग काय झालं, जे जे बिघडलं त्याचं तोंड पेटीकडं वळायला लागलं. आमच्या गावच्या भजनी मंडळाला त्यांनी उपरणी पिवळी करून द्यायचं कबूल केलं. रंग कशाचा, तर हळदीचा. सुमननं आधीच सांगितलं, "आयका जरा. हळदीले साबन लागला का लाल होते." हे कोणत्या बाईला माहीत नसतं? वरणाचा डाग पडलेला पदर आम्ही साऱ्यांनीच धुतला आहे. बाबू म्हणाले, "तो डाग असतो. हा रंग आहे."

पहिल्या भजनाला मंडळी झळकली. दुसऱ्या भजनाच्या आधी घरोघरी उपरणी धुतल्या गेली. मग असे लाल लाल चट्टे, जसं काही साऱ्यांनी पान खाऊन एकमेकांच्या अंगावर थुंकलं. भजनात पेटी वाजवणारे बुवा उपरणं घेऊन दारात आले. "बाबू, देवापुढं हे घालून बसू का मी?"

बाबू खुर्चीवरून म्हणाले, "कापड जिवंत असते, बुवा. बदलत राहते."

"मंग तुमच्याच आंगनात जगू द्या त्याले," बुवांनी उपरणं भिंतीवर टाकलं आणि गेले.

रात्रीच्या जेवणाला बाबूंचं सुरू झालं, ते मला सुमननं दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोष कापडाचा. चांगलं सूत हाती असतं तर असं झालं नसतं. घरात चांगलं सूत आहे, पण द्यायची दानत नाही.

आणि पोळा तर विचारूच नका. आमच्याकडं नामदेवभौ आहेत, भाजीपाल्याची बाडी करतात. त्यांची गवळाऊ बैलांची जोडी अशी पांढरी, अशी देखणी, की पोळ्यात तोरणाखाली उभी राहिली की लोक बाकीचे बैल पाहतच नाहीत. बैलांवर टाकायच्या झुली नव्या करायच्या होत्या. बाबूंनी नामदेवभौंना गाठलं. "बाजारातल्या केमिकलच्या झुली टाकता बैलावर? तुमच्याच बाडीतल्या बिटाचा रंग काढून देतो. गुलाबी." नामदेवभौ भला माणूस. बिटाचं टोपलं आणून दिलं, पांढऱ्या झुलीही दिल्या. सुमननं बिटं चिरली, उकळली, गाळली. झुली निघाल्या खऱ्या गुलाबी. वाळल्यावर सुंदर दिसत होत्या, मी खोटं कशाला सांगू.

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे, वाजंत्री लागली, आणि बारीक भुरभुर सुरू झाली. जास्त नाही, अंगावर दवासारखी. झुली ओल्या झाल्या तसा बैलांच्या पाठीवरून गुलाबी ओघळ निघाला. पोटावरून, मांड्यांवरून, खाली खुरापर्यंत. कोणी ओरडलं, "नामदेवभौ, जोडी पानठेल्यावरून आनली का गा?" सारं गाव हसलं. नामदेवभौ कासरा धरून उभे, मान खाली. वर्षभर ज्या बैलांच्या जिवावर बाडी होते, त्यांचा हा एक दिवस. बाबू गर्दीतून पुढं आले. मला वाटलं, माफी मागतील. तर बैलाच्या पाठीवर बोट फिरवून म्हणतात, "पाहा, बैलानं रंग घेतला. कापडानं नाई घेतला. दोष कापडाचा."

नामदेवभौ एवढंच बोलले, "मंग बाबू, उद्या बैलच आनून बांधतो तुमच्या दारी. हिरवे करून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन एकटी त्यांच्या गोठ्यात गेली आणि बैलांची अंगं घासून आली. बाबू तेव्हा आंगणात बसून कोणालातरी फोनवर सांगत होते की मनासारखं सूत मिळत नाही हो, तीच एक अडचण आहे.

पुढल्या उन्हाळ्यात सुमनची लेक नागपूरला बाळंत व्हायची होती. सुमन निघाली. ऑटो दारात उभा, बॅग आत टाकलेली, आणि ही परत फिरली. मी तिला निरोप द्यायला बाहेरच होते. म्हणाली, "पेटीले हात नका लावजो."

"नाई लावत बा," बाबू म्हणाले. "चाबी तर तुझ्याच जवळ आहे."

चाबी तिच्याच जवळ होती. कुलूप शेवटपर्यंत शाबूत राहिलं. पण ज्या माणसाची हयात पेट्या-खोक्यांत गेली, त्याला कुलुपाशी काय काम? मागच्या बाजूनं बिजागरीचे खिळे काढले. एवढी सफाई त्यांनी रंगात दाखवली असती तर नाव निघालं असतं.

मला कळलं ते धुरावरून. सुमन घरी नसताना त्यांच्या चुलीला धूर! भिंतीवरून पाहते तर बाबू स्वतः चुलीशी बसलेले, फुंकणी हातात, डोळ्यांतून पाणी. गंजात काठी.

"काय करून राह्यले भाऊजी?"

"काही नाही, वहिनी. जुनं धोतर आहे."

गंजात काय आहे ते मला दिसत नव्हतं, लाल पाणी तेवढं दिसलं. वर्ध्याच्या जडीबुटीच्या दुकानातून मंजिष्ठा आणली होती. आधी तुरटीच्या पाण्यात कापड मुरवलं होतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले नाहीत. ढवळत होते, जाळ ओढत होते, पुन्हा सारत होते. बायको नव्हती ना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला उठली आणि दोरीवर पाहिलं. लुगडं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

आता खरं तेच लिहिते, पोरींनो. रंग चांगला आला होता. चांगला म्हणजे, माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. छपरावरचं नवं कवेलू पाण्यात बुडवून काढावं तसा लाल. कुठं डाग नाही, कुठं फिक्कं नाही, सुताच्या जाडबारीकपणातून तो वर-खाली हलत होता. त्या माणसाच्या हातून तेवढी एकच गोष्ट सुंदर झाली, आणि ती चोरीची होती. याचाच मला जास्त राग आला. बिघडलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

आणि का चांगला आला? बाबूंना वाटलं, आपली विद्या पिकली. मिलच्या नव्या कापडात खळ असते, ती धुवून काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. या लुगड्यात खळ कुठली? एवढ्या दिवाळ्या सुमननं रिठ्यानं धुवून धुवून ते असं स्वच्छ ठेवलं होतं की रंगाला आत यायला सारे दरवाजे उघडे. तिनं जितकं जपलं तितकं ते रंगलं.

बायका पाहायला आल्या. तुम्ही आलात, फोटो काढले. बाबू लुगड्याशेजारी मान पुढं काढून उभे राहिले. 'बाबूंचं लुगडं' असं तुम्हीच त्याला म्हणायला लागल्या. पेटीवाले बुवासुद्धा येऊन "वा" म्हणून गेले. मी काही बोलली नाही. तोंड आवरणं माझ्यासाठी नवीनच होतं.

सुमन नातवाचं तोंड पाहून आनंदात परत आली. मला हाक मारून घेतलं, फोटो दाखवायला. मी त्यांच्या घरातच होते जेव्हा बाबूंनी ते तिच्यापुढं ठेवलं. घडी करून, कागदात बांधून, वर सुतळीची नीट गाठ आणि चिठ्ठीवर 'सौ. सुमन'. चेहरा असा, जसं काही बायकोला शालू आणला. मला वाटते, त्यांना खरंच वाटत होतं की ती खूश होईल. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. हा तसा नव्हता, याला नुसतं दुसऱ्याचं काही दिसत नव्हतं.

तिनं कागद सोडला. लाल कड दिसली तशी थांबली. मग उघडलं, नाकाशी नेलं, हुंगलं. रिठ्याचा वास नव्हता त्याला.

"हे कोनाचं हाय?"

"तुझंच तर आहे," बाबू म्हणाले. "पाह्य तरी कसं उतरलं! साऱ्या वर्ध्यात..."

"माझं पांढरं होतं."

ती आतल्या खोलीत गेली. पेटी मागून उघडल्याचा आवाज आला, पुन्हा बंद झाल्याचा आला. बाहेर आली तेव्हा रडलेली नव्हती. लुगडं उचलून तिनं बाबूंच्या मांडीवर ठेवलं.

"पांढरं करून द्या."

"अगं, पण रंग पक्का..."

"पांढरं करून द्या," ती म्हणाली, आणि नातवाचा फोटो दाखवायला माझ्याकडं वळली.

त्या दिवसानंतर सुमननं त्यांच्या रंगाच्या गंजाला हात लावला नाही. भाजीभाकर वेळेवर वाढायची, गोळ्या काढून द्यायची, माझ्याशी हसून बोलायची. पण बाबूंनी आंगणात खुर्ची टाकून पाण्याची वाट पाहिली तर पाणी आलं नाही. त्यांनी काही समजावायला तोंड उघडलं की ती तेवढंच म्हणायची. आवाज चढवून नाही. मीठ संपलं, असं सांगावं तसं.

आधी त्यांनी लिंबू लावून पाहिलं. मग सोड्याचं पाणी. मग दुकानातून कसलीशी बाटली आणली, तेव्हा मात्र सुमन दारातून बोलली, "ते नका लावू. सूत मरन." बाटली परत गेली. शेवटी नामदेवभौंनीच सांगितलं, जुने लोक शेणाच्या पाण्यात भिजवून हिरवळीवर उन्हात टाकत, वरून पाणी शिंपत, तसं करून पाहा. शेणही त्यांनीच दिलं. गवळाऊ जोडीचं. देताना हसले नाहीत, मी असते तर हसली असती.

मग बाबूंचा नवा कारखाना सुरू झाला. आमच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं ते लुगडं पसरायचे. शेणाच्या पाण्यात बुडवायचे, तुडवायचे, धुवायचे, परत पसरायचे. सारं पाणी स्वतः ओढून. हात कातडं निघेपर्यंत सुजले. ज्या माणसाचा एकही रंग धुण्यात टिकला नाही, त्याला आता हा एक रंग धुवून निघत नव्हता. तुम्ही पोरी लुगडं प्रदर्शनात न्यायला आलात तेव्हा ते शेणात होतं, आठवते ना? तुमच्यातली एक जवळजवळ रडली. "बाबा, एवढा सुंदर रंग घालवता?" बाबू म्हणाले, "घालवतो." बस, तुम्हाला तेवढंच सांगितलं त्यांनी. दोष कापडाचा, असं म्हणाले नाहीत. तुम्हाला चांगले शब्द हवे होते ना, त्यातला एक, तो इथं कुठं बसतो का पाहा.

पुढं त्यांची छाती दुखायला लागली, लेकीनं नागपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि ते परत आले नाहीत. तेराव्याला लोक म्हणाले, कलावंत माणूस गेला. मी पानावर मान खाली घालून जेवली. लुगडं सुमनच्या पेटीत आहे. दिवाळीच्या आधी आता ती ते काढत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपूरला जायच्या थोडं आधी. वैशाखातली दुपार. मी गच्चीवर कुरड्या वाळू घातल्या होत्या, त्या पाहायला गेली. खाली बाबू डोक्याला ओलं फडकं बांधून लुगड्यावर लोट्यानं पाणी शिंपत होते. मला पाहून हाक मारली, "वहिनी, या बरं जरा खाली."

गेली. चप्पल घालूनही तळपाय भाजत होते. त्यांनी लुगड्याची एक कड उचलून माझ्यापुढं धरली. चिमटीत धरून चोळली नाही, नुसती दोन्ही हातांवर घेतली. तो कवेलूचा लाल कधीच गेला होता. उरलं होतं ते लहान लेकराच्या तळव्यासारखं गुलाबी.

"पाहा," ते म्हणाले. "झालं ना पांढरं?"

मग आणखी जवळ आले. "तुम्ही तिले सांगा झालं म्हणून. तुमचं ऐकते ते. माझ्या डोळ्याले तर पांढरंच दिसून राह्यलं."

त्यांच्या दारात सुमन उभी होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी कड हातात घेतली, उन्हाकडं धरली, तिरपी करून पाहिली. खोटं बोलायला मला जड जात नाही. लग्नं जुळवताना मी कितीतरी बोलली आहे. पण त्या कापडासमोर जीभ वळेना.

"नाई झालं, भाऊजी," मी म्हटलं. "थोडं हाय अजून."

बाबूंनी कड माझ्या हातून घेतली, खाली ठेवली, सुरकुती पडली होती ती हातानं सरळ केली. "हाव, आहे," म्हणाले. मग रिकामा लोटा उचलून नळावर गेले, भरून आणला, आणि पहिल्या टोकापासून पुन्हा शिंपायला लागले.